मजुरी आणि दान

पाठ: रोमकरांस पत्र, अध्याय ४, याकोबाचे पत्र, अध्याय २, ओव्या १४ ते २६



वर दिलेले दोन्ही उतारे एकाच बैठकीत, एकामागून एक, मोठ्याने वाचावेत अशी विनंती आहे. घरात वाचता येणारे एकच माणूस असले तरी चालेल; त्याने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे. ही पत्रे प्रथम ज्या मंडळ्यांकडे गेली तेथेही पुष्कळांनी ती कानांनीच ग्रहण केली. वाचन झाल्यावर ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी खास विचारील की, हे दोघे प्रभूचे सेवक एकमेकांविरुद्ध बोलतात काय? पौल म्हणतो, अब्राहाम कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरला. याकोब म्हणतो, त्याच अब्राहामाने आपल्या पुत्रास वेदीवर ठेविले तेव्हा तो कर्मांनी नीतिमान ठरला. मनुष्य एक, आधारास घेतलेले वचनही एक (उत्पत्ति १५:६), आणि निर्णय मात्र दोन! ज्याने हा प्रश्न विचारला त्यास गप्प बसवू नये. त्याने नीट ऐकले आहे.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर आम्ही तो ह्या पानावर आणिला नसता. परंतु आमच्या खेड्यांतील जवळजवळ प्रत्येक मंडळीत दोन माणसे आढळतात. एक प्रभुभोजनाच्या रविवारी दाराजवळ बसते, आणि लोक मेजाकडे येऊ लागले की हळूच उठून बाहेर जाते. विचारले तर उत्तर मिळते, “पाळकसाहेब, आमच्या हातून काय काय झाले आहे ते तुम्हांस ठाऊक नाही. थोडे बरे वागून दाखवू, मग येऊ.” अशी वर्षे लोटतात आणि ते ‘थोडे’ कधी पुरे होत नाही. दुसरा मनुष्य पुढे बसतो. त्याचा बाप्तिस्मा झाला आहे, गीते पाठ आहेत, प्रार्थना लांब आहे. आणि त्याच्या शेतात खुरपणी केलेल्या बाया तीन आठवडे मजुरीसाठी त्याच्या दारी खेपा घालीत आहेत. त्यास विचारले तर तोही शास्त्राचाच आधार देतो: तारण विश्वासाने आहे, कर्मांनी नाही! पहिल्यास पौलाची गरज आहे, दुसऱ्यास याकोबाची. दुर्दैव असे की, पहिला नेमके याकोबाचे शब्द मनात धरून बसतो आणि दुसरा पौलाचे.

आता पौलाकडे वळू. ह्या चवथ्या अध्यायात मूळ ग्रीक भाषेत ‘गणणे’ ह्या अर्थाचा एकच शब्द त्याने अकरा वेळा योजिला आहे. तो हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. अमक्याच्या नावे इतके जमा, तमक्याच्या नावे इतके खर्ची, असे वाण्याच्या दुकानी आपण ऐकतो तोच हा व्यवहार. मराठीत तर ‘तारण’ हा शब्दच दोन घरचा आहे. मंडळीत तो पापापासून सुटका ह्या अर्थी येतो. आणि सोसायटीचे कर्ज काढिताना शेतकरी जमीन तारण ठेवितो तेव्हाही तोच शब्द कानी पडतो. ह्यावरून धर्मशास्त्र रचावे असे नाही. तरी एक गोष्ट ह्या शब्दाने शेतकऱ्यास चटकन कळते: माझ्याने फेड झाली नाही तर माझ्या बदली उभे राहील असे काहीतरी लागते, आणि ते माझ्याजवळ असावे लागते किंवा कोणी दुसऱ्याने माझ्यासाठी द्यावे लागते.

पौल म्हणतो की, काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नव्हे, ते देणे आहे (रोम. ४:४). हे कोणास समजावून सांगावयास नको. आठवडाभर कापूस वेचणाऱ्या बाईस बाजाराच्या दिवशी पैसे मिळाले तर मालकाने दानधर्म केला असे कोणी म्हणत नाही. तिने ते मागावे, आणि मान वर करून मागावे. परंतु देवापुढे आपण अशा रीतीने उभे राहू शकतो काय? ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांस ह्याचे उत्तर लवकर सुचेल. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली की तोडलेल्या उसाची मजुरी आधी त्या उचलीत वजा होते, आणि हंगाम संपला तरी कित्येकांच्या नावे बाकी उरतेच. मुकादमाचा हिशेब खरा की खोटा हा निराळा प्रश्न आहे, आणि तो अवश्य विचारावा. देवाच्या हिशेबात मात्र खोट नाही, आणि आपण जन्मापासून उचल घेतलेले लोक आहो. श्वास त्याचा, पाऊस त्याचा, हातातील बळ त्याचे. जे सत्कर्म आपण करितो ते त्याच्याच भांडवलावर करितो. मग शिल्लक कोठून राहणार? सांगितले तितके सर्व केल्यावरही आपणास केवळ दास समजावे असे प्रभूने शिष्यांस शिकविले (लूक १७:१०), त्याचे मर्म हेच आहे. ह्यावर वर्षानुवर्षांच्या पापाचे कर्ज निराळेच.

म्हणून पौल अब्राहामास साक्षीस बोलावितो, आणि त्याच्या आयुष्यातील वर्षे मोजण्यास सांगतो. आपणही मोजू. देवाने अब्राहामास तारे दाखविले व त्याने विश्वास ठेविला ही गोष्ट उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. पुढील अध्यायात इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता. त्याची सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता (उत्पत्ति १७:२४). म्हणजे ज्या दिवशी नीतिमत्त्व त्याच्या खाती जमा झाले, त्या दिवसापासून सुंतेच्या विधीस निदान तेरा वर्षे अवकाश होता. सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळण्यास तर शतके लोटावयाची होती. गलतीकरांस लिहिताना पौल ४३० वर्षांचे अंतर सांगतो. तर मग तो कोणत्या विधीने, कोणत्या नियमाच्या पालनाने नीतिमान ठरला? कोणत्याच नाही. त्याजपाशी देण्यासारखे काही नव्हते. मूलबाळ नाही, देह मेल्यासारखा, वर आकाश आणि देवाचे वचन. त्याने त्या वचनास होय म्हटले.

येथे आणखी एक गोष्ट आहे, तीकडे वाचकांचे लक्ष कमी जाते. जमा झाल्यानंतर अब्राहाम काही निर्दोष राहिला नाही. सोळाव्या अध्यायात हागारेचे प्रकरण आहे. त्यात तिचे जे हाल झाले त्यास अब्राहामाचे मौनही कारण आहे. विसाव्या अध्यायात तो गरारात जाऊन आपल्या बायकोस पुन्हा बहीण म्हणवितो, आणि परराष्ट्रीय राजाकडून बोल ऐकून घेतो. ह्या चुका शास्त्राने झाकल्या नाहीत. परंतु त्यांमुळे देवाने वहीतील ती नोंद खोडिली असेही कोठे लिहिलेले नाही. दाराजवळ बसणाऱ्या भावाने अगर बहिणीने हे दोन अध्याय पंधराव्याच्या पुढे लावून वाचावेत. ‘थोडे बरे वागून मग येऊ’ असे अब्राहाम म्हणाला असता तर तो कधीच आला नसता.

विश्वास म्हणजे काय, ह्याविषयीही गैरसमज फार आहे. हल्ली कित्येक उपदेशक गावोगाव सभा भरवितात, आणि आजारी मनुष्य बरा झाला नाही की त्याच्या घरच्यांस सांगतात, तुमचा विश्वास कमी पडला. मूल दगावलेल्या आईस असे बोल ऐकावे लागलेले आम्हांस ठाऊक आहे. ही सुवार्ता नव्हे. ह्यात विश्वास हेच एक कर्म झाले, आणि तेही शेर-पायलीने मोजून घ्यावयाचे! विहिरीत पडलेल्या मनुष्याने वरून सोडलेला दोर धरिला तर त्यास वर काढितो तो दोर, आणि दोर ओढणारा. मुठीची पकड ही त्याने दिलेली किंमत नव्हे. पकड थरथरती असली तरी दोर तुटत नाही. विश्वासाचे सर्व मोल ज्याला तो धरितो त्याच्या ठायी आहे.

कोणी म्हणेल, हे असे उघड सांगितले तर लोक सत्कर्मे करणे सोडून देतील. ही भीती नवी नाही. पौलासही हाच टोमणा ऐकावा लागला होता, व सहाव्या अध्यायात त्याने त्याचे उत्तर दिले आहे. तथापि आम्हांस त्याहून सोपे उत्तर फिलिप्पैच्या बंदिशाळेत दिसते (प्रे. कृत्ये १६). तेथील अधिकाऱ्याने पौल व सीला ह्यांचे पाय संध्याकाळी खोड्यात अडकविले. त्यांच्या पाठीवर फटक्यांचे वळ उघडे होते, ते त्याने पाहिले नसतील असे नाही. पण कैद्याच्या जखमा धुणे हे त्याचे काम नव्हते. मध्यरात्री भूमिकंप झाला, आणि तो कापत कापत विचारतो, मी काय करावे? उत्तर मिळते की, प्रभु येशूवर विश्वास ठेव. त्यात जखमांचे नाव नाही. तरी लूक लिहितो की, रात्रीच्या त्याच घटकेस त्याने त्यांस नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या. मग त्याचा बाप्तिस्मा झाला, मग त्याने त्यांस घरी नेऊन जेवू घातले. ज्या हातांनी खोडा ठोकला त्याच हातांनी पाणी आणिले. त्यास कोणी सांगितले नव्हते.

आता याकोब. मंडळीच्या परंपरेप्रमाणे हा प्रभूचा भाऊ, यरुशलेम येथील मंडळीचा पुढारी. त्याच्यापुढे बसलेले लोक कोण होते ते त्याच्या पत्रावरूनच कळते. सोन्याची आंगठी घातलेला आला की त्यास चांगली जागा, आणि मळकट वस्त्रांचा आला की त्यास, तेथे उभा राहा! भावास अगर बहिणीस नेसावयास नाही, त्या दिवसाची भाकर नाही. आणि त्यास आशीर्वाद देऊन, ऊब घे, पोट भर, असे म्हणून वाटेस लावावयाचे. असल्या विश्वासाने तारण होईल काय, असे याकोब विचारतो. देव एक आहे एवढे मानणे हाच विश्वास असेल तर भूतेही तितके मानितात, आणि निदान भीतीने कापतात तरी! ह्या मंडळीतले लोक कापतही नव्हते.

तर पौल ज्यास विश्वास म्हणतो आणि याकोब ज्यास मेलेला विश्वास म्हणतो, त्या दोन वस्तू एक नाहीत. पौल तारे पाहणाऱ्या अब्राहामाकडे बोट दाखवितो. याकोब मोरिया डोंगर चढणाऱ्या अब्राहामाकडे. ह्या दोहोंमध्ये इसहाक जन्मून, लाकडे वाहून नेण्याइतका मोठा झाला होता. मोरियावर काही नवे नीतिमत्त्व विकत घेतले गेले असे याकोबही म्हणत नाही. तो म्हणतो की, पंधराव्या अध्यायातील ते वचन तेथे पूर्ण झाले. पेरलेले उगवले की नाही हे शेतात पाहावे लागते. बियाण्याची पावती दाखवून भागत नाही.

आणि हे दोघे एकमेकांचे वैरी होते असे ज्यांस वाटते त्यांनी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढावा. याकोब, केफा व योहान ह्यांनी पौलास उजवा हात देऊन भागीदार म्हणून मान्य केले, आणि एकच गोष्ट मागितली: गरिबांची आठवण ठेवावी. पौल लिहितो की, हेच करण्याविषयी आपण उत्सुक होतो. हे शब्द तोंडचे नव्हते. रोमकरांस पत्र लिहीत असता तो मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी जमविलेला पैसा घेऊन यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांकडे जाण्यास निघाला होता (रोम. १५:२५, २६). पुढे तो तेथे पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी याकोबास भेटला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात आहे. कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही असे ज्या मनुष्याने लिहिले, तो ते पत्र संपविताना याकोबाच्या गावच्या उपाशी लोकांसाठी पैसा पोहोचविण्याच्या तयारीत होता! आम्हांस वाटते, दोन अध्यायांचा मेळ घालणारी ह्याहून चांगली टीका कोणी लिहिली नसेल.

पुढील काळात मंडळीने ह्या प्रश्नावर फार भांडण केले. मार्टिन लूथरने १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात रोमकरांस पत्र ३:२८ येथे त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. आणि याकोबाच्या पत्रास इतर पत्रांच्या मानाने गवताच्या मोलाचे ठरविले. (ते शब्द पुढील आवृत्त्यांतून गाळण्यात आले.) ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी आहेत, ते याकोब २:२४ येथे, आणि तेही नकारासह, ही मौज ध्यानात घेण्याजोगी आहे. परंतु त्याच १५२२ च्या पुस्तकात, रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत, लूथरच सांगतो की विश्वास ही जिवंत, सदा उद्योगी वस्तू आहे, तीस सत्कर्मावाचून राहवतच नाही. १५४७ साली त्रेंत येथील सभेत रोमन कॅथॉलिक मंडळीने केवळ विश्वासाची शिकवण धिक्कारिली. ह्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लूथरन व कॅथॉलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त लेखावर सह्या केल्या. तारण कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने आहे, आपल्या पुण्याईने नाही. आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवे करून सत्कर्मांसाठी सिद्ध करितो, असा त्याचा आशय आहे. मेथॉडिस्ट मंडळ्यांनी २००६ साली व रिफॉर्म्ड मंडळ्यांनी २०१७ साली त्यास संमती दिली. सर्व मतभेद मिटले असे नाही. तरी गावात कॅथॉलिक शेजारी असल्यास त्याच्याशी जुन्या शिव्यांची देवघेव करण्याचे आता कारण उरले नाही.

आमच्या महाराष्ट्रात ह्या विषयाची साक्ष पंडिता रमाबाई ह्यांच्या चरित्रात आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडिले. पुढे ते पुण्यास आले. विधवांसाठी एवढे काम त्या काळी कोणी केले होते? विद्या होती, त्याग होता, सेवा होती, मंडळीत नाव होते. असे असूनही १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यास सुमारे आठ वर्षे झाल्यावर आपणास उमगले की आपण ख्रिस्ती धर्म मिळविला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो आपणास मिळाला नव्हता. ज्यांस आपल्या कामाच्या मोठेपणाचा आधार वाटतो त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. ज्या बाईजवळ देवापुढे मांडण्यास पुष्कळ होते तिने ते सर्व बाजूस ठेविले व रिकाम्या हाताने घेतले.

मग काम थांबले काय? १८९६ पासूनच्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली व बाया घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेकडील आल्या. केडगावचे मुक्तिसदन शेकडोंनी भरले. विहिरी खणल्या, शेती चालविली, हातमाग व छापखाना उभा केला. त्यांनी स्वतः इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तेव्हा रोमकरांस पत्राचा चवथा अध्याय आणि याकोबाचा दुसरा अध्याय, दोन्ही त्यांच्याच लेखणीतून उतरले. एक ठेवून दुसरा गाळावा असे त्यांस वाटल्याचे दिसत नाही.

खुरपणीच्या मजुरीची गोष्ट वर अर्धी राहिली आहे, ती आता पुरी करू. पौलाने जो ‘मजुरी’ हा शब्द योजिला, तोच ग्रीक शब्द याकोबाच्या पाचव्या अध्यायाच्या चवथ्या ओवीत आहे. ज्यांनी शेते कापली त्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडत आहे, आणि कापणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असे तो लिहितो. देवाजवळ मजुरी मागू नये ही पौलाची शिकवण खरी. पण ती शिकवण मजुराच्या पैशांवर बसून सांगण्यासाठी नाही. देवाने तुला हिशेबावाचून दिले, म्हणून तू शेजाऱ्याचा हिशेब बुडवावा असा तिचा अर्थ काढणारा मनुष्य कृपेस ओळखतच नाही. जक्कयाने ती ओळखिली. प्रभु त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने अर्धे द्रव्य गरिबांस देऊ केले, व ज्याचे अन्यायाने घेतले होते त्यास चौपट परत करण्याचे कबूल केले. त्याने गीत म्हटल्याचा उल्लेख नाही. पुढे बसणाऱ्या आमच्या भावाने उपासनेस येण्यापूर्वी शनिवारीच त्या बायांस बोलावून पैसे चुकते करावेत. आणि उशीर झाला म्हणून चार पैसे अधिक द्यावेत.

दाराजवळ बसणाऱ्यासाठी वधस्तंभावरचा चोर पुरे आहे. त्याचे हातपाय जखडलेले होते. बरे वागून दाखविण्यास त्यास एक दिवसही उरला नव्हता. त्याने आपला अपराध कबूल केला आणि आपली आठवण ठेवावी एवढेच मागितले. त्यास मिळालेले उत्तर आपण सर्व जाणतो. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मंडळीच्या वडिलांपैकी कोणी दाराशी जाऊन बसावे, आणि ते माणूस उठू लागले की त्याजबरोबर उठून, हात धरून, मेजाकडे यावे.

याकोबाने अब्राहामाबरोबर दुसरे नाव घेतले आहे, त्याजकडे पाहून थांबू. एकीकडे सर्वांचा बाप अब्राहाम, आणि त्याच्या पंक्तीस यरीहोची वेश्या राहाब! तिच्याजवळ कुळ नव्हते, नियमशास्त्र नव्हते, नाव सांगण्यासारखा मागचा एकही दिवस नव्हता. इस्राएलाच्या देवाविषयी तिने काय ऐकले होते तेवढेच तिला ठाऊक, आणि ते तर सर्व गावाने ऐकले होते. गावाने वेशी लाविल्या. हिने त्या दोन हेरांस धाब्यावर तागाच्या काड्यांखाली लपविले, दोराने खिडकीतून खाली उतरविले, आणि आपल्याबरोबर आईबाप व भाऊबहिणी ह्यांच्या जिवाचे वचन मागून घेतले. सैन्य अजून यार्देनेच्या पलीकडे होते. कोट जागच्या जागी उभा होता. हेर डोंगराकडे निघून गेले, आणि तिने तो किरमिजी दोर खिडकीस बांधिला.